पगारावर वसलेली नगरे
प्रस्तावना

दलित वस्ती म्हटले की मराठी वाचकासमोर दोन चित्रे येतात. एक गावकुसाबाहेरच्या वाड्याचे, दुसरे शहरातल्या झोपडपट्टीचे. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. पण या दोहोंच्या मध्ये गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिसरी एक वस्ती उभी राहिली. तिथे दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर स्लॅबची घरे आहेत. फाटकावरच्या पाटीवर नावाखाली शिक्षक, परिचारिका, गार्ड, उपअभियंता असे पद लिहिलेले असते. माणूस निवृत्त झाला तरी पाटी तीच राहते. कोपऱ्यावर विहार असतो, बऱ्याच ठिकाणी विहाराला लागूनच स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका असते. झोपडपट्टी नाही म्हणून ती सरकारी पाहणीत येत नाही आणि शहराच्या प्रतिष्ठित पेठांच्या इतिहासातही तिला पान मिळत नाही. या पुस्तकाचा विषय ती वस्ती आहे.

तुलनेसाठी सातारा आणि सांगली-मिरज ही ठिकाणे निवडली, त्याला कारण आहे. हे दोन जिल्हे एकाच कृष्णाकाठचे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि आजूबाजूची विलीन संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून दोन्ही शहरांकडे माणसे आली, ती साधारण एकाच जातींची: महार, मांग, चांभार, ढोर, होलार. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण साताऱ्यात सुमारे ११ टक्के, सांगलीत सुमारे साडेबारा टक्के. म्हणजे माती सारखी, माणसे सारखी, गावातली जागाही सारखीच. तरी या शहरांतल्या नोकरदार वस्त्या एकमेकींसारख्या झाल्या नाहीत. असे का झाले, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न.

उत्तर थोडक्यात असे. वस्तीचा स्वभाव किती पगार आला यावरून कमी आणि तो कोणाकडून आला यावरून जास्त ठरला. साताऱ्यात तो आला पलटणीतून आणि शाळेतून. सांगली-मिरजेत आला रेल्वेतून, इस्पितळातून आणि पुढे जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून. पगार देणारा बदलला की घर कुठे बांधायचे, शेजारी कोण, मुलांना काय करायचे, कोणत्या देवळात वा विहारात जायचे, हे सगळे बदलत गेले.

हा विचार सुचायला अमेरिकेतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्त्यांचा अभ्यास उपयोगी पडला. त्या अभ्यासाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघरी फिरून केलेली पाहणी १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे कृष्णवर्णीय एका मापाचे नाहीत, त्यांच्यातही थर आहेत, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. याच दु बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना हार्लेम बाबासाहेबांच्या शेजारीच होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या पँथरच्या संस्थापकांपैकी अरुण कांबळे आटपाडी तालुक्यातील करगणीचे. तेव्हा सांगली जिल्ह्यातून अमेरिकेकडे पाहणे ही काही आजची हौस नाही.

सातारा: पलटण आणि शाळा

साताऱ्यातला दलित नोकरदार आधी शिपाई होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि काही काळाने साताऱ्यात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीला आले. साताऱ्याचा कॅम्प, म्हणजे आजचा सदर बझार, हा लष्करी पेन्शनरांचा भाग. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई यांचे निधन साताऱ्यातच झाले, त्यांची समाधी इथेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. २०१७ पासून राज्य सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

या घराकडे आपण नेहमी पुढे झालेल्या महापुरुषाचे घर म्हणून पाहतो. या पुस्तकापुरते मी त्याच्याकडे नोकरदाराचे घर म्हणून पाहतो. १९०१ मध्ये वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर असताना मुले त्यांना भेटायला निघाली. अंगात नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशात प्रवासाचे पैसे. मसूर स्टेशनावर जात कळली आणि एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात गरिबी कुठेच नाही. पैसा आहे, कपडा आहे, पेन्शनीचे घर आहे, आणि तरी त्या पैशाची बाजारातली किंमत निम्मी आहे. नोकरदार दलिताच्या पुढच्या शंभर वर्षांच्या अनुभवाचे हे सूत्र आहे. प्लॉट घेताना, भाड्याने खोली शोधताना ते पुन्हा पुन्हा भेटते.

पलटणीनंतर साताऱ्यात दुसरा पगार आला तो शाळेचा. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. बोर्डिंगाचे कौतुक खूप झाले आहे; मला इथे महत्त्वाचे वाटते ते १९३५ मध्ये निघालेले शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज. बोर्डिंगातून मुलगा शिकला आणि ट्रेनिंग कॉलेजातून तो मास्तर झाला. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षक हा जिल्ह्यातल्या दलित कुटुंबाचा पहिला कायम पगारदार ठरला.

मास्तराची वस्ती मास्तरासारखी झाली. बदल्यांच्या गावांत वीस-पंचवीस वर्षे काढायची आणि मुले कॉलेजात जाण्याच्या सुमारास साताऱ्याच्या कडेला, गोडोली, करंजे, शाहूपुरी, विलासपूर अशा बाजूंना, एक प्लॉट घ्यायचा. पतसंस्थेचे कर्ज, घरबांधणी अग्रिम, दोन सहकारी जामीनदार म्हणून. वरचा मजला चढतो तो वेतन आयोगाची थकबाकी हाती पडल्यावर. त्यामुळे साताऱ्यात ही घरे एका ठिकाणी गोळा झालेली कमी दिसतात. चार घरे इथे, सहा तिथे, मध्ये इतर जातींचे शेजारी. एकत्र येणे होते ते १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आणि वर्षावासाच्या दिवसांत. बाहेरून ही मिसळ सुखाची वाटते. आतून पाहिले तर एकट्या घराला शेजाऱ्यांच्या नजरेचे भान सतत ठेवावे लागते. जयंतीला दारात निळा झेंडा लावायचा की नाही, यावर एकाच घरात बाप आणि लेक यांचे मत वेगळे असते.

फलटणची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. बेबी कांबळे यांनी फलटणला छोटे दुकान चालवत 'जिणं आमुचं' लिहिले. नोकरीबाहेर, किरकोळ व्यापारातून उभे राहिलेले दलित घर या दोन जिल्ह्यांत दुर्मिळ. म्हणून ते जवळून पाहण्यासारखे.

सांगली-मिरज: रूळ, इस्पितळ, कचेरी

मिरजेत पहिला कायम पगार रेल्वेने आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरज जंक्शन झाले आणि गँगमन, पॉइंटसमन, फायरमन, खलाशी अशा कामांना माणसे लागू लागली. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये घर जातीवर मिळत नव्हते, ग्रेडवर मिळत होते. गँगमनचा मुलगा क्लार्क झाला, त्याचा मुलगा गार्ड झाला, असे तीन पिढ्यांचे जिने मिरजेत सापडतात. सेवानिवृत्तीला क्वार्टर सोडावे लागते, तेव्हा बरोबरीने निवृत्त झालेले शेजारी पाहून एकाच पट्ट्यात प्लॉट घेतले गेले. त्यामुळे मिरजेत घरे साताऱ्यासारखी विखुरली नाहीत. नगरच्या नगर उभे राहिले.

दुसरा पगार मिशनचा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ सुरू केले आणि परिचारिका, कंपाउंडर, तंत्रज्ञ यांची एक फळीच तयार झाली. सांगली आणि मिरज यांच्यामधली वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. या पगाराचा विशेष असा की तो घरातल्या बाईच्या हाती आला. साताऱ्यात शिक्षिका झाल्या, पण मागाहून. मिरजेत परिचारिका असलेली आजी अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आहे.

याच ठिकाणी कायद्याने एक चमत्कारिक भिंत घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा अजूनही नाही. एकाच गावच्या एकाच भावकीतून मिरजेला आलेली तीन घरे धरा. एक हिंदू राहिले, एक बौद्ध झाले, एक ख्रिस्ती. केंद्राच्या नोकरीत पहिल्याला राखीव जागा पहिल्यापासून, दुसऱ्याला १९९० नंतर, तिसऱ्याला कधीच नाही. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती बौद्धांना आधीच दिल्या होत्या, पण रेल्वे केंद्राची. म्हणून मिरजेच्या जुन्या रेल्वे कुटुंबांत कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा, ही कुचंबणा एका पिढीने काढली. या वस्त्यांची घडण समजायला विहार आणि चर्च पाहून भागत नाही, शाळेचा दाखला पाहावा लागतो.

तिसरा पगार १९४९ नंतरचा. सांगली पटवर्धनांची राजधानी होती, ती जिल्ह्याचे ठाणे झाली. जिल्हा कचेरी, न्यायालये, वीज मंडळ, पाटबंधारे, एस.टी., आणि १९६२ मध्ये मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. विश्रामबागच्या आसपास शहर वाढले तसे साहेब झालेले दलित त्या बाजूला सरकले. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती, तर सातारा शहराची सुमारे १ लाख २० हजार. मोठ्या शहरात अनोळखी राहता येते. साताऱ्यात आडनाव सांगायच्या आधी गाव विचारले जाते आणि गावावरून पुढचे कळते.

पगारच का?

या दोन जिल्ह्यांना सहकाराचे माहेर म्हणतात. कृष्णा, सह्याद्री, वसंतदादा, राजारामबापू हे साखर कारखाने, त्यांच्याभोवती बँका, दूध संघ, शिक्षण संस्था. अर्ध्या शतकात इथला मराठा आणि जैन शेतकरी मध्यमवर्गात आला तो या वाटेने. या वाटेच्या तोंडाशी मात्र सातबारा होता. कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवे. दलितांकडे होती ती बहुतांशी वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने हलकी वतने गेली आणि जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीने, विकायला-गहाण टाकायला सरकारी परवानगी लागेल अशी. कारखाना उभा राहिला, पण दलित त्याचा मालक-सभासद म्हणून क्वचितच झाला. तो तोडणीला गेला किंवा फार तर कामगार म्हणून लागला. म्हणून सहकाराच्या या प्रदेशात दलित मध्यमवर्ग सहकारातून आला नाही. घरबांधणीच्या सोसायट्या सोडल्या तर त्याची एकमेव सहकारी संस्था म्हणजे पगारदार नोकरांची पतसंस्था, आणि तिचेही भांडवल पगारच.

राहता राहिली जागा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमीन आणि अर्थसाहाय्य देणारी योजना काढली. जुने लोक तिला अजून 'पी.डब्ल्यू.आर. २१९' म्हणतात. तिच्यातून महाराष्ट्रभर मिलिंद, सिद्धार्थ, पंचशील, नालंदा अशा नावांच्या सोसायट्या झाल्या. ज्यांना ती संधी मिळाली नाही त्यांनी खासगी प्लॉट शोधले. तिथे आडनावाचा प्रश्न आला. नकार तोंडावर कोणी देत नाही. प्लॉट नुकताच गेला, पार्टी दुसरी ठरली, आमच्यात मटण-मासे चालत नाही, अशी उत्तरे मिळतात. नोकरीच्या अर्जात केवळ आडनावाने काय फरक पडतो हे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. घराच्या बाजारात तसा मोजलेला अभ्यास आपल्या छोट्या शहरांत व्हायला हवा.

तिकडे आणि इकडे

अमेरिकेच्या शहरांकडे हाच प्रश्न घेऊन गेले की साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट दिसतात. वॉशिंग्टनलगतचा प्रिन्स जॉर्जेस परगणा केंद्र सरकारच्या पगारावर वाढला. तो आपल्या सांगलीच्या कचेरी वस्तीचा मोठा भाऊ. शिकागोच्या दक्षिणेचा चॅटम हा भाग टपाल खाते, नगरपालिका आणि शाळांच्या नोकरदारांचा. त्याचे नाते मिरजेच्या रेल्वे वस्तीशी जुळते. १९५६ मध्ये गायिका महालिया जॅक्सन यांनी तिथे घर घेतले तेव्हा त्यांच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्याकडे गोळ्या झाडत नाहीत, प्लॉट नुकताच गेला म्हणतात.

अटलांटाची तऱ्हा मात्र आपल्याकडे कुठेच नाही. तिथे कृष्णवर्णीयांची स्वतःची महाविद्यालये होती, १९०५ पासून अलॉन्झो हर्न्डन यांची विमा कंपनी होती, १९२१ पासून सिटिझन्स ट्रस्ट ही बँक होती. बाहेरच्या बँका कर्ज नाकारत तेव्हा आतला पैसा आत फिरला, आणि कॉलिअर हाइट्ससारखी वसाहत १९५० नंतरच्या दोन दशकांत कृष्णवर्णीयांनीच आखली आणि बांधली. साताऱ्या-सांगलीच्या नोकरदाराने विहार बांधला, पुतळा उभा केला, अभ्यासिका काढली, वर्गणी कधी कमी पडू दिली नाही. बँक काढली नाही, कारखाना काढला नाही. हा दोषारोप नव्हे. ज्याचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येतो आणि दहा तारखेला गावाकडच्या घरात, भावाच्या दवाखान्यात, पुतणीच्या फीमध्ये जातो, त्याच्याजवळ भांडवल साठत नाही.

मेरी पॅटिलो यांनी शिकागोतल्या एका मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वस्तीवर १९९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात एक निरीक्षण आहे: अशी वस्ती बहुधा गरीब वस्तीला लागूनच असते, त्यामुळे तिला दोन्हीकडचे ताण सोसावे लागतात. सदर बझारात किंवा मिरजेच्या रेल्वेलगतच्या भागात फिरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बंगला आणि झोपडी यांच्यामध्ये एक गटार असते आणि नाते चुलत-मावसाचे असते.

वस्तीतल्या भिंती

'दलित वस्ती' हा एकच शब्द वापरून चालणार नाही, हे या अभ्यासात पदोपदी जाणवते. पलटण, रेल्वे, शाळा या वाटांवर महार समाज आधी आला. बौद्ध झाल्यावर शिक्षणाचा वेग आणखी वाढला. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या मातंग समाजाला त्या वाटा उशिरा आणि अरुंद मिळाल्या. दोन्ही समाजांची घरे एकाच नगरात असली तरी गल्ल्या वेगळ्या, जयंत्यांच्या कमिट्या वेगळ्या, सोयरिकी तर वेगळ्याच. १ ऑगस्ट २०२४ रोजी, अण्णा भाऊंच्या जयंतीच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. तेव्हापासून या वस्त्यांत जो वाद पेटला आहे, तो समजून घ्यायचा तर तिथल्या गल्ल्यांचा नकाशा समोर हवा.

बायकांची बाजूही वेगळी पाहावी लागते. शांताबाई कृष्णाजी कांबळे शिक्षिका झाल्या, जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. दोन पगारांचे घर ही कल्पना अशा बायकांनी या भागात प्रत्यक्षात आणली. एक पगार गावाकडे आणि एक प्लॉटकडे, अशी वाटणी अनेक घरांत झाली, आणि प्लॉटचा हप्ता बहुधा बाईच्या पगारातून गेला.

पुस्तकाची मांडणी यानुसार आहे. आधी पलटण-शाळेचा सातारा, मग रूळ-इस्पितळाची मिरज, मग कचेरीची सांगली, मधे फलटण, आणि शेवटी तुलना. खासगी माणसांची नावे आणि त्यांच्या घरांचे पत्ते कुठेही दिलेले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. त्या निर्णयाच्या आधीच या लोकांनी आपल्या नगरांना आपली नावे दिली होती, आणि मी ती पाळली आहेत.

शेवटी आजची गोष्ट. नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. रेल्वेच्या खालच्या पातळीची कितीतरी कामे ठेक्यावर गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याचा शासन निर्णय आला, पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला; त्या महिनाभरात या नगरांतल्या अभ्यासिकांत जी घालमेल झाली ती उगाच नव्हती. एकाच धन्यावर अवलंबून राहिलेली वस्ती किती हळवी असते हे प्रिन्स जॉर्जेसने २००८ च्या गृहकर्ज संकटात पाहिले. मेरिलँड राज्यातली सर्वाधिक घरे तिथे जप्त झाली. इकडे शिकलेली मुले पुण्याला आणि बंगळूरला गेली आहेत, खासगी कंपन्यांत आहेत, आणि त्यांचा पगार बापापेक्षा मोठा असला तरी त्याला ना पेन्शन आहे, ना राखीव जागा.

तेव्हा या पुस्तकातली तुलना सातारा आणि सांगली यांच्यापुरती राहत नाही. खरी तुलना आहे सरकारी पगाराने घर बांधलेल्या पिढीची आणि तो पगार आटताना पाहणाऱ्या पिढीची. पहिल्या पिढीने नगरे वसवली. दुसऱ्या पिढीला ती टिकवायची असतील तर पगाराखेरीज दुसरे काही, पतसंस्थेपलीकडची पतपेढी, स्वतःची संस्था, स्वतःचा धंदा, उभे करावे लागेल. आणि तसे करताना शेजारच्या मातंग गल्लीलाही सभासद करून घ्यावे लागेल. सहकाराच्या या प्रदेशात हे अवघड आहे असे म्हणायला कोणाला तोंड नाही. इथल्या शेतकऱ्यांनी ते एकदा करून दाखवले आहे. फक्त सभासदत्वाची अट सातबाऱ्याऐवजी दुसरी काही ठरवावी लागेल.